दिवा उचलण्याआधी

"पात्राला बालपण नसतं," असं आमच्या सरांनी मला बजावलं होतं. एम.ए.चं दुसरं वर्ष, दुपारची वेळ, सरांच्या खोलीतला पंखा कुरकुरत फिरतोय, आणि माझा प्रबंध त्यांच्या मांडीवर उघडा. "पहिल्या पानाआधी त्याला काही झालेलं नसतं, बाई. तू या राणीला कोचावर झोपवतेस आणि विचारतेस, लहानपणी काय झालं? ती बिचारी काय सांगणार? तू तिच्या तोंडात घालशील तेच." मग त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "एक वेळ हेही चालेल. मार्क देईन मी. चांगलं लिहितेस. पण ही सवय घरी नेऊ नकोस. नाटकातली माणसं निमूटपणे पडून राहतात, त्यांचं काही बिघडत नाही." मी म्हटलं, "हो सर." आणि बाहेर आल्यावर मैत्रिणीला म्हटलं, म्हातारा घाबरतोय, स्वतःच्या आत बघायची वेळ येईल म्हणून. आम्ही दोघी जिन्यात हसत सुटलो. तेव्हा आम्हाला सगळ्यांच्याच आतलं दिसत होतं. कुणी चहा सांडला तरी आम्ही एकमेकींकडे बघायचो.

ती राणी एका बेटावरची होती. नाटक जुनं, अभ्यासक्रमात लावलेलं, दर वर्षी परीक्षेत प्रश्न ठरलेला. राजाने हद्दपार केलेली राणीची धाकटी बहीण राजाच्या मरणानंतर परत यायला निघते. समुद्र खवळलेला. बंदराचं तोंड अरुंद, आणि मनोऱ्यावर राणीने स्वतःच्या हाताने दिवा उचलून धरल्याशिवाय कुठल्याही होडीला ते सापडत नाही. दिवा पेटलेला आहे, राणीच्या पायाशी आहे, होडी दिसते आहे. आणि राणी बोलायला लागते. कायद्याविषयी बोलते, मेलेल्या नवऱ्याच्या शब्दाविषयी बोलते, देवांविषयी, समुद्राविषयी, आणि बोलून झाल्यावर दिवा उचलते तेव्हा खाली फळ्या तरंगत असतात. परीक्षेतला प्रश्न असा की राणी एवढी का बोलते. आधीच्या पिढ्यांनी लिहिलं होतं, कर्तव्य आणि प्रेम यांतला झगडा. सर म्हणायचे, बोलते कारण लोक तिकीट काढून ऐकायला बसलेत. मी लिहिलं की तिथे झगडा वगैरे काही नाही. राणीला बहीण नको आहे, लहानपणापासून नको आहे, बापाच्या मांडीवर ती येऊन बसली त्या दिवसापासून नको आहे. पण ते तिला स्वतःला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेली इच्छा पुरी करायची एकच सभ्य तऱ्हा असते, उशीर करायचा. ते भाषण म्हणजेच ते कृत्य. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी त्याखाली पट्टी धरून रेघ ओढली होती. मला पहिला वर्ग मिळाला. मग लग्न झालं, मग मुलगा झाला, आणि राणी माळ्यावर गेली.

मुलगा चार वर्षांचा झाला तशी मी वाट बघू लागले. हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण ज्या मनोविश्लेषणावर मी अख्खं वर्ष घालवलं होतं त्याचा पहिलाच धडा हा, की या वयात मुलगा आईच्या प्रेमात पडतो, बाप त्याला नकोसा होतो, आणि जगातल्या निम्म्या शोकांतिकांतले राजपुत्र पुढे जे काही करतात त्याचं बी इथे पडतं. बालवाडीच्या फाटकाशी इतर आया सांगायच्या. एकीचा मुलगा म्हणाला होता, बाबांना ऑफिसातच झोपू दे. दुसरीच्याने वडिलांच्या चपला खिडकीतून टाकल्या होत्या. त्या वैतागल्यासारखं करून सांगायच्या आणि गाल मात्र फुललेले असायचे. मी हसायचे आणि घरी येऊन मुलाकडे बघायचे. तो बाबाच्या चपला नीट जोडीने ठेवायचा.

आणि मग ती मोज्यांची सकाळ. मी खाली बसून त्याच्या पायात मोजे चढवत होते, नवरा आरशासमोर दाढी करत होता, आणि मुलगा माझ्या डोक्यावर हात ठेवून, तोल सांभाळत, अगदी सहज म्हणाला, "मी मोठा झालो ना, की मावशीशी लग्न करणार."

"रांगेत उभं राहा राजे," नवरा फेसातून म्हणाला. "मेहुणीबाईंना स्थळांची कमी नाही."

"आणि मी?" मी विचारलं. आवाज अगदी खेळकर काढला होता.

"तू बाबाची आहेस ना," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, माझी समजूत काढावी तसं, "आणि तू जुनी झालीस."

नवरा एवढा हसला की त्याने हनुवटीला कापून घेतलं. मी दुसरा मोजा चढवला. तो उलटा होता, टाच वर आली होती, ते मला तो शाळेत गेल्यावर आठवलं, आणि दिवसभर, भांडी लावताना, फोनवर बोलताना, मला त्याच्या पावलावर ती वर आलेली टाच जाणवत राहिली, जणू माझ्याच पायात ती होती. सिद्धांतात सगळं बरोबर होतं. वय बरोबर, वाक्य बरोबर, हट्टही बरोबर. फक्त माझ्या जागी धाकटी होती.

धाकटी म्हणजे माझी बहीण. एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती रक्त काढायचं काम करते. करायची. अरुंद खोली, पांढरी खुर्ची, खुर्चीच्या दांडीवर निळी उशी, नळ्यांची रंगीत टोपणं, आणि भिंतीवर तिने स्वतः चिकटवलेला एक कागदी जिराफ. लहान मुलांना ती म्हणायची, जिराफाची मान मोज, आणि मान मोजून होईतो सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. मोठमोठे पुरुष, सुई दिसली की ज्यांचा रंग उडतो, ते ती कामावर कधी असते हे विचारून यायचे. मुलाला मागे ताप आला होता तेव्हा मी त्याला मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि तो माझ्या कुशीत ओरडत होता. धाकटीने त्याचा हात घेतला, कोपराच्या लवणीत अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काय राजे, इथे कोण राहतं?" तो गप्प झाला. रक्त नळीत येताना तो बघत होता, तोंड उघडं टाकून. माझ्या मांडीवर बसून तो तिचा झाला. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि तरी त्या सकाळी मला नवल वाटलं.

नवल वाटायचं कारण नव्हतं, कारण हे आधी एकदा झालं होतं. वडील शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळले तेव्हा दर आठवड्याला त्यांचं रक्त तपासायला द्यावं लागे. मी रोज त्यांच्या उशाशी बसायचे, पेपर वाचून दाखवायचे, औषधं वेळेवर द्यायचे. धाकटी आठवड्यातून एकदा यायची, डबी उघडायची, आणि वडील बाही आधीच वर करून बसलेले असायचे. "हिचा हात हलका आहे," ते मला सांगायचे, जणू मला ते पहिल्यांदाच कळतंय. एकदा मी म्हटलं, "मला शिकव ना गं, दर वेळी कशाला धावपळ करतेस." धाकटी हो म्हणणार तेवढ्यात वडील म्हणाले, "नको नको. आपली मोठी ना, सुई हातात घेऊन विचार करत बसेल." ते हसले, धाकटी हसली, मीही हसले. त्यांच्या दंडावरच्या रबरी पट्टीचा वळ मात्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. त्या पातळ कातडीला माझाही स्पर्श रोज व्हायचा. माझ्यासाठी त्यांनी बाही कधी वर केली नाही. हे सगळं मला माहीत होतं. नाव घेऊन माहीत होतं, व्याख्येसकट. तापाचं नाव कळलं म्हणून ताप उतरत नाही, हे मात्र कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

ती रोज संध्याकाळी लॅबमधून आमच्याकडे यायची, जेवायची, मुलाला झोपवायची आणि आपल्या भाड्याच्या खोलीवर जायची. एका संध्याकाळी तो झोपल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती ताट विसळत होती.

"अगं, जरा रोज येणं कमी करशील का?"

"का? पाहुणे यायचेत?"

"तसं नाही. त्याचं हे वय आहे ना... या वयात मुलाचं मन आईशी बांधलं जावं लागतं. ती पायरी चुकली तर पुढे त्रास होतो. तू मध्ये येतेस, म्हणजे मुद्दाम नाही, पण येतेस."

तिने नळ बंद केला. "ताई, चार वर्षांच्या पोराला तुझा अभ्यासक्रम लावलाय होय?"

"चेष्टा करू नकोस."

"नाही करत." तिने ताट पुसून फडताळात ठेवलं. चमचे वेगळे पुसले. मग म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'वर मी पुढचे कितीतरी दिवस काढले. त्यात राग होता का, सुटका होती का, की आत कुठेतरी विजय होता, कारण मुलगा रोज दाराकडे बघायचा. "मावशी कुठाय?" "कामात आहे." "रोज?" तो माझ्या अंगावर रेलायचा, तसा आता रेलायला लागला होता, आणि मी खूश व्हायचे, आणि मग लक्षात यायचं की माझ्या खांद्यावरून त्याला दार नीट दिसतं.

मग तिचा फोन आला. संध्याकाळ होती, मी बटाटे सोलत होते, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये. ती म्हणाली, "ताई, आज माझ्याकडून तीनदा सुई चुकली. एकाच बाईला. बिचारी काही बोलली नाही, पण दंड काळानिळा झाला तिचा."

मी सोलणं थांबवलं. मला काय वाटलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण बाकी सगळं मी सुशिक्षित माणसासारखं लिहू शकते, हे नाही. मला गोड वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरावं तसं. हलका हात चुकला.

"आणि उजव्या हाताला मुंग्या येतायत दुपारपासून. आणि ते हे... ते नाही का, आपण खातो ज्याने, ते हातातून पडलं दोनदा. नावच आठवेना त्याचं. बघ ना, अजून नाही आठवत." ती हसली. हसू जरा एका बाजूला वाकल्यासारखं ऐकू आलं. हसू ऐकू येऊन वाकडं कसं वाटेल, पण वाटलं. "जरा येऊन जातेस का गं?"

आणि मी, पहिला वर्ग मिळवलेली बाई, मला सगळं लख्ख दिसलं. चुकणं चुकून होत नाही. विसरणं उगाच होत नाही. जो हात मुलाला माझ्यापासून काढून घेत होता तोच हात आता बधिर होतोय, अपराध हाताला कळलाय, तिला कळायच्या आधी. चमच्याचं नाव विसरली, कारण चमचा म्हणजे माझं घर, माझं जेवण, माझ्या फडताळात पुसून ठेवलेले चमचे. किती सुंदर जुळत होतं! तिचं शरीर माझ्या बाजूने साक्ष देत होतं. मी मवाळपणे म्हटलं, "अगं, मनावर ताण आलाय तुझ्या. आपलं बोलणं झालं ना, त्याचं आहे हे. तू स्वतःला शिक्षा करते आहेस. गरम पाणी पी आणि झोप. मी उद्या येते."

"असं म्हणतेस?" ती म्हणाली. तिचा माझ्या अकलेवर लहानपणापासून विश्वास होता. "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधून फोन आला, की ती आली नाही आणि फोन उचलत नाही, आणि तिच्यासाठी माणसं खोळंबलीत. मी निघते म्हटलं. मुलाला दूध दिलं. मग वाटलं, केस विंचरून जावं. मग नवऱ्याला बरोबर घ्यावं की एकटीनेच रिक्षाने जावं यावर मी दारात उभी राहून बोलत राहिले: तिची सवय आहे रुसायची, लहानपणी अशीच कोपऱ्यात जाऊन बसायची, आपण धावत गेलो की तिला तेच हवं असतं, आणि मुलावर याचा काय परिणाम होईल, आणि ताणाची दुखणी अशीच... नवरा चप्पल घालून उभा होता. तो म्हणाला, "तू कुणाला सांगते आहेस हे सगळं?" दारात ऊन आलं होतं. माझ्या पायाशी माझी पर्स होती. मला त्या क्षणी मनोरा दिसला, पायाशी पेटलेला दिवा दिसला, आणि आपलंच रेघ ओढलेलं वाक्य, आणि तरी माझं तोंड आणखी थोडा वेळ चालूच होतं.

घरमालकिणीने दार उघडलं. धाकटी पलंग आणि मोरीच्या मध्ये जमिनीवर होती. डोळे उघडे होते. तिने आमच्याकडे पाहिलं, आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे, आणि तोंड उघडलं, आणि त्यातून एक गोल, ओला, अर्थ नसलेला आवाज आला. मेंदूतली रक्ताची वाट बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, मुंग्या आल्या तेव्हाच आणायला हवं होतं, घरात कुणी सुशिक्षित नव्हतं का?

ती जगली. उजवा हात कोपरापासून उशीवर ठेवलेला असतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. बोलणं गेलंय. बोलणं शिकवणारी बाई आली, सुती कुडता, केसांत पेन खोचलेलं, ती म्हणाली, "त्यांना सगळं कळतंय. फक्त बाहेर येत नाहीये. तुम्ही हो-नाहीचे प्रश्न विचारा, आणि थांबा. नातेवाईक थांबत नाहीत. उत्तर स्वतःच देऊन मोकळे होतात." तिने माझ्याकडे बघून सांगितलं असं मला वाटलं. कदाचित सगळ्यांनाच तसं वाटत असेल.

मुलाला आणलं तेव्हा मी घाबरले होते, तो रडेल म्हणून. तो खाटेवर चढला आणि म्हणाला, "मावशी, तुझा हात झोपलाय?" आणि तिचा डावा हात हातात घेतला. दोघांनी अर्ध्या तासात भाषा बनवली. एकदा दाबलं की हो. दोनदा दाबलं की नाही. "मावशी, माकड बघायला जायचं?" एकदा. "आईला न्यायचं?" तो खदखदून हसला, आणि तिचं अर्धं तोंड हसलं, आणि मला कळलं नाही तिने किती वेळा दाबलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तिच्याजवळ आता शब्द नाहीत, हात नाही, उठता येत नाही, अंगातला गाऊनसुद्धा हॉस्पिटलचा आहे, आणि मला तिचा हेवा वाटत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर एक माणूस हिरव्या पाइपने गाड्या धूत होता.

आता प्रश्न असा आहे की इथून तिला कुठे न्यायचं. आमच्याकडे आणता येईल. मुलाची खोली आहे, नवरा म्हणतो, आणूया, त्यात विचारायचं काय. दुसरं असं, की रेल्वेने सहा तासांवर एक केंद्र आहे, तिथे यंत्रं चांगली आहेत, बागही आहे, नातेवाइकांना महिन्यातून एकदा भेटता येतं. बरं होण्याच्या दृष्टीने कुठलं चांगलं, यावर डॉक्टर म्हणाले, दोन्हींकडे होईल, पेशंटची इच्छा काय? हे ठरवायचं माझ्यावर आलं, कारण सख्खी मीच. काल दुपारी नवरा खाली चहा आणायला गेला तेव्हा मी तिच्याजवळ बसले, तिचा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, "त्या केंद्रात जायचं का गं तुला? तिथे लवकर बरी होशील."

ती माझ्याकडे बघत होती. तेच डोळे, ताट विसळतानाचे. मग तिने हात दाबला. एकदा. आणि मी हात काढून घेतला.

मी लगेच उठले, बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं, तिला जायचंय, तिने हो म्हटलंय. त्यांनी मान डोलावली. उद्या सकाळी तिला न्यायला गाडी येणार आहे. घरी आल्यावर मुलाने माझा हात हातात घेतला, सहज, खेळात, आणि दाबला. आणि एकदा दाबून झाल्यावर दुसऱ्यांदा दाबायच्या आधी मध्ये किती वेळ जातो तो मला माझ्या तळहातात कळला. तेवढा वेळ मी थांबले नव्हते. ती दुसऱ्यांदा दाबणार होती की नाही, मला माहीत नाही. मी कालपासून तिच्या डोळ्यांतून उत्तर काढायचा प्रयत्न करते आहे आणि दर वेळी मला हवं तेच निघतं. तिच्या त्या नजरेत सुटका दिसते, मग तिरस्कार दिसतो, मग क्षमा. ती आता अगदी नाटकातल्या माणसासारखी झाली आहे माझ्यासाठी: पडून राहते, मी म्हणेन ते सोसते. नवऱ्याला सांगावं, तर तो जाऊन विचारेल, आणि ती दोनदा दाबेल, आणि ती आमच्या घरी येईल. ओठ उघडतात आणि मी त्याला विचारते, चहा घेणार का.

म्हणून तुम्हाला सांगते. भेटायची वेळ चार ते सहा. दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, शेवटून दुसरी खाट, शेजारच्या खाटेवर सतत जप करणारी म्हातारी आहे. मी आज साडेपाचला जाईन, त्याच्या आधी जा. मोठीने पाठवलं असं सांगू नका. तिच्या डाव्या बाजूला बसा. उजवीकडे बसलात तर तिला तुम्ही दिसणार नाही. साधा प्रश्न विचारा, बाग, यंत्रं यातलं काही सांगू नका, फक्त विचारा की बाई, तुम्हाला कुठे जायचंय, घरी का? तिचा हात तुमच्या हातात असू द्या. तिने एकदा दाबलं तरी उठू नका.